भट्टीवरची हिरवी पुडी

तैवानचं प्रजासत्ताक साल ११३, ऑगस्ट १, गुरुवार. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. भट्टीचा ताप दाखवणाऱ्या आकड्यांच्या पेटीवरची खाऊची पुडी बदलत होतो; यंत्र गुणी राहावं म्हणून इथे सगळे ठेवतात.

जुन्या पुडीची मुदत याच महिन्यात संपते. मुदत संपलेली पुडी यंत्रावर राहिली तर यंत्र रुसतं. नवी आणली तीही हिरवीच. पिवळी चालत नाही, लाल तर मुळीच नाही. पलीकडच्या छापखान्यात कोणी तरी पिवळी ठेवली आणि त्यांचं यंत्र तीन दिवस बंद पडलं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. या वेळी मालकीणबाईंनी मोठी पुडी आणायला सांगितली. "लेप नवा, तर पुडी मोठी," म्हणाल्या.

जुनी छोटी पुडी पेटीच्या वर नुसती ठेवलेली असायची आणि सारखी घसरायची. मोठी तिथे राहीना. पेटीच्या उजव्या अंगाला पंख्याची जाळी आहे. त्या जाळीवर ती बरोबर मावली. चारही कडांना लाल चिकटफीत लावली. दोनदा हलवून पाहिली. आता भूकंप झाला तरी पडणार नाही.

जुन्या पुडीतला खाऊ सगळ्यांनी वाटून खायचा असतो. तुआननं अर्ध्याहून जास्त एकट्यानं खाल्ला. तो व्हिएतनामचा. म्हणाला, "यानदादा, तुमच्याकडे यंत्रालासुद्धा खाऊ मिळतो. मला का नाही?"
"तू बंद पडतोस का कधी?"
"उद्यापासून पडतो."

आज डब्यांच्या पत्र्यांना आतल्या बाजूचा नवा पांढरा लेप सुरू झाला. जुना सोनेरी लेप बंद. त्यात ते बीपीए नावाचं बाधणारं रसायन असतं, आणि ते नाव आता ताइपेईतल्या आयांना पाठ झालंय. कालव्यापलीकडचा पेजेचा कारखाना बाळांची भोपळ्याची पेज आमच्याच डब्यांत भरतो. त्यांनी सांगितलं, लेप बदला, नाहीतर डबे दुसऱ्याकडून घेऊ. लेपवाल्या कंपनीचे त्साय इंजिनियर तायनानहून सहा तारखेला येऊन भट्टी लावून देणार होते. पण रविवारपासून जुन्या पंचांगाचा सातवा महिना लागतो, भुतांचा; त्यांना भूत म्हणायचं नाही, भले भाऊ म्हणायचं. त्या महिन्यात नवीन काही सुरू करायचं नसतं. मालकीणबाई म्हणाल्या, "त्साय काय भल्या भावांपेक्षा मोठा आहे? आजच लाव." त्साय साहेबांनी फोनवरून सांगितलं: दोनशे पाच अंश, दहा मिनिटं. तेवढं मी लावलं.

ऑगस्ट २, शुक्रवार

नव्या लेपाचे पत्रे घासून पाहिले. त्याची रीत अशी: कापडाचा बोळा उग्र द्रावणात बुडवायचा आणि लेपावर पुढे-मागे घासायचा. शंभर वेळा घासून बोळा स्वच्छ राहिला तर लेप नीट शिजला. नाही राहिला तर लेप कच्चा आहे, आणि कच्च्या लेपातलं जे काही आहे ते डब्यातल्या अन्नात उतरतं.

माझा बोळा पन्नाशीच्या आतच पांढरा झाला. दुसरा पत्रा घेतला. तेच. आकडा पाहिला, दोनशे पाच. इतका स्थिर आकडा या भट्टीवर मी कधी पाहिला नव्हता.

त्साय साहेबांना फोन केला.
"आकडा किती?"
"दोनशे पाच."
"पट्टा किती वेळात बाहेर येतो?"
"दहा मिनिटांत. घड्याळ लावून पाहिलं."
"मग लेप कच्चा राहूच शकत नाही. हात जड असेल तुमचा."

मालकीणबाई आल्या. त्यांनी स्वतः घासून दाखवलं, देवाची मूर्ती पुसावी तसं. बोळा जवळपास स्वच्छ निघाला. "काय रे, भांडी घासतोस का तू? बाळांचा डबा आहे, जरा मायेनं घास."

मी मायेनं घासलं. चिठ्ठीवर 'ठीक' लिहून माझ्या नावाचा शिक्का मारला.

रात्री जेवताना हाताकडे पाहत होतो. आई म्हणायची, माझा हात हलका आहे म्हणून. आता जड झाला असेल.

ऑगस्ट ५, सोमवार

सातवा महिना लागला. तुआननं शिट्टी वाजवली म्हणून मालकीणबाईंनी त्याला झापलं. या महिन्यात शिट्टी वाजवली की ते मागे मागे येतात.

गॅसचं मीटर पाहून मालकीणबाई खूश आहेत. नव्या लेपाला गॅस कमी लागतो म्हणे. खरं असावं. भट्टीशेजारी उभं राहिलं तरी यंदा घाम कमी येतो. दर ऑगस्टमध्ये मला दिवसाला दोन सदरे लागतात, या वेळी एकात भागतंय. तुआन म्हणाला, "दादा, भट्टीलापण म्हातारपण आलं."

मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. कालही रोज झोपतो तेवढाच झोपलो, तरी उठल्यापासून अंग ओढत नेतोय.

ऑगस्ट ९, शुक्रवार

पेजेच्या कारखान्यानं आमच्या नव्या डब्यांत पहिला माल भरला आणि प्रत्येक कामगाराला एक खोका पाठवला. डब्यावर हिरव्या अक्षरांत 'बीपीए-मुक्त'. झाकण सुबक बसलंय. खरंच देखणा डबा आहे.

खोका माझ्या बहिणीकडे, मिआओ-रू ताईकडे, नेऊन दिला. ताईची नाश्त्याची गाडी आहे, पहाटे चारला उठते. तिची लेक दोउदोउ आता आठ महिन्यांची. ताईचा नवरा जहाजावर, पुढच्या वसंतात येईल. बाळासाठी वेगळं शिजवायला तिला वेळ कुठला? डबा उघडला, कोमट केला, भरवला. दोउदोउनं पहिला घास घेतला आणि टेबलावर दोन्ही हात आपटले.

"पाहिलंस? मामाच्या डब्यातली पेज म्हटल्यावर कशी खाते! माझ्या हातचं थुंकून टाकते, चोरटी."
"डबा माझा आहे ताई, पेज नाही."
"तिला काय ठाऊक? तिला मामा म्हणजे पेज."

दाराबाहेर पडताना ताईनं हाक मारली. "ए यान, आणखी मिळतील का रे?" मी म्हटलं, बघतो. सोमवारी कारखान्याच्या दुकानातून आणखी दोन खोके घेतले, कामगारांना सवलत असते. (हे सोमवारी लिहून जोडलं.)

ऑगस्ट १६, शुक्रवार

आज आमच्या कारखान्याची सातव्या महिन्याची पूजा. अंगणात लांब टेबलं मांडली. अख्खं डुक्कर परवडत नाही म्हणून भाजलेली कोंबडी, फळं, शेवया, बिअर, बिस्किटं, आणि आमच्याच डब्यांतल्या पेजेचा मनोरा. तुआननं विचारलं, "भले भाऊ बाळांची पेज खातात?" मालकीणबाई म्हणाल्या, "त्यांच्यातही लहान असतात रे." मग कोणी हसलं नाही.

ऑर्डर पुरी करायची होती म्हणून भट्टी चालूच ठेवली होती. मालकीणबाईंना वाटलं, यंत्रावरची पुडीही उदबत्तीच्या धुरातून काढावी, म्हणजे तिचं बळ वाढेल. मी फिती सोडवून पुडी खाली आणली. कोमट लागली, फुग्यासारखी टम्म झाली होती. तिला टेबलावर कोंबडीशेजारी ठेवलं.

अर्धाएक तास झाला असेल. तुआन ओरडत आला, "दादा! आकडा पडला!" आत जाऊन पाहिलं तर एकशे नव्वद. बर्नर गर्जत होता, एवढा आवाज कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. भट्टीजवळ जाववेना. मालकीणबाई हातात उदबत्त्या तशाच घेऊन धावत आल्या.
"पुडी! आधी पुडी लाव! भट्टीचा खाऊ काढून घेतला, मग ती रुसणार नाही तर काय करणार?"

भल्या भावांसाठीचे कागदी पैसे जाळून होईपर्यंत थांबलोच नाही. पुडी होती तिथे, जाळीवर, नव्या फितीनं घट्ट बसवली. आकडा हळूहळू वर चढला, दोनशे पाचच्या थोडा पुढे गेला, मग पुन्हा दोनशे पाच. बर्नर गप्प झाला. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. हे थट्टेवारी नेणाऱ्यांनी आज इथे असायला हवं होतं.

ऑगस्ट १७, शनिवार

कालच्या दुपारचे पत्रे घासले. माझ्या मूळच्या हातानं, मायेनं नाही. शंभर झाले. बोळा स्वच्छ. दीडशेपर्यंत गेलो. स्वच्छ.

भल्या भावांनी प्रसन्न होऊन लेप पक्का केला असावा. आनंदात आजचे पत्रे घासायला घेतले तर पन्नाशीच्या आत पुन्हा पांढरं.

कालचे चांगले आणि आजचे वाईट. हात तोच, द्रावण तेच. कालच्या पत्र्यांवर 'पूजेची दुपार' अशी चिठ्ठी लावून ते वेगळे ठेवले. कशासाठी, माहीत नाही. चिठ्ठ्यांवर शिक्के मारले, आजच्याही.

ऑगस्ट २०, मंगळवार

संध्याकाळी ताईकडे. तिनं पेजेचे रिकामे डबे धुऊन गॅलरीत ओळीनं मांडलेत. काहींत कांद्याची पात लावली आहे. दोउदोउ एक डबा जमिनीवर आपटत होती. मी तो सहज हातात घेतला.

आतला पांढरा लेप नारिंगी झाला होता. तळापासून भोपळ्याच्या रेघेपर्यंत. बोटानं पुसलं. जाईना. ताईची भांड्यांची घासणी घेऊन घासलं.

"अरे काय करतोस? मी साबणानं धुतलेत ते. जात नाही तो रंग."
"सगळ्यांना असाच?"
"सगळ्यांना. का?"
"काही नाही."

पक्का लेप काचेसारखा असतो. त्यात काही शिरत नाही आणि त्यातून काही बाहेर येत नाही. भोपळा आत शिरला असेल, तर त्या जागेतून बाहेर काय आलं?

दोउदोउ हसते, रांगते, दात येतोय म्हणून माझं बोट चावते. तिला काहीही झालेलं नाही. असल्या गोष्टींनी बाळ रडत नाही म्हणतात. रडलं असतं तर बरं झालं असतं, कोणाला तरी कळलं असतं.

ऑगस्ट २१, बुधवार

काल घरी विजेच्या भांड्यात भोपळा शिजवला. त्यात पत्र्याचे दोन तुकडे टाकले, एक पूजेच्या दुपारचा, एक दुसऱ्या दिवशीचा. सकाळी धुऊन पाहिले. एक पांढरा. एक नारिंगी.

पूजेच्या दुपारी काय वेगळं होतं? कोंबडी, बिअर, उदबत्त्या. सगळं अंगणात. भट्टीजवळ एकच गोष्ट बदलली होती.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा पुडी काढली. काढताना मनात एकच, बंद पडलं यंत्र तर? जाळीतून गरम वारा भसकन तोंडावर आला. स्टुलावर बसून आकड्याकडे पाहत राहिलो. पडला. बर्नर गर्जू लागला. या वेळी मी पुडी लावली नाही. बसून राहिलो. आकडा परत चढला, दोनशे पाच झाला आणि तिथेच राहिला. भट्टीनं असा झोत टाकला की सदरा भिजला.

पहिलं आठवलं ते मीटर. गॅस कमी लागत होता, कारण भट्टी थंड होती. पहिल्या तारखेपासून. मी फीत लावली तेव्हापासून.

बाहेर आलेले पत्रे घासले. स्वच्छ.

सगळे परतायच्या आत पुडी पुन्हा लावली, पण पेटीच्या वर, जाळी सोडून. कोणाच्या लक्षात आलं नाही. आजपासूनचा माल चांगला आहे. आधीचा सगळा माझ्या शिक्क्याचा आहे.

संध्याकाळी ताईकडचे उरलेले डबे उचलून आणले. तिला म्हटलं, मुदत जवळ आली आहे, कारखान्यात बदलून देतात. मुदत पुढच्या वर्षीची आहे. तिनं डबा उलटा करून पाहिला नाही. माझ्यावर विश्वास आहे तिचा. बदल्यात तांदूळ आणि भोपळा ठेवून आलो.

ऑगस्ट २२, गुरुवार

मालकीणबाईंना सांगायचं ठरवून गेलो. त्या वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. मलाही मूठभर दिल्या. सोलल्या आणि परत आलो.

शाळा सोडली तेव्हा कोणी कामावर घेत नव्हतं. यांनी घेतलं, एक शब्द न विचारता. पेजेची ऑर्डर गेली तर हा कारखाना उरत नाही.

ऑगस्ट २४, शनिवार

सुट्टी. सकाळी स्कूटर काढून हूवेईला गेलो. बाळांच्या वस्तूंची दोन दुकानं आणि एक मोठं भांडार. डब्याच्या तळावर तारीख छापलेली असते. कच्च्या लेपाच्या तारखांमधले सगळे डबे घेतले. दुकानदार म्हणाला, "जुळी का?" मी हो म्हटलं.

दर दुकानात पावती मिळते आणि पावतीच्या क्रमांकावर सरकारी बक्षीस लागू शकतं. मी पावत्या कधी टाकत नाही, चार वर्षांच्या बांधून ठेवल्यात. आज सगळ्या गल्ल्याजवळच्या दानपेटीत टाकल्या. या डब्यांवर बक्षीस लागलं तर मी काय करणार?

घरी पलंगाखाली जागा उरली नाही. पाठ दुखते. अजून ताइपेईची दुकानं आहेत, तायचुंगची आहेत. हे माझ्या लक्षात येत नाही असं नाही.

ऑगस्ट २५, रविवार

बेइगांगकडच्या एका दुकानात शेवटचे पाच डबे होते. मी तीन टोपलीत टाकले तोवर एका बाईनं उरलेले दोन उचलले. छातीशी बाळ बांधलेलं, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट तसंच.

मी म्हटलं, "ताई, ते दोन मला द्याल का?"
"का? तुमचे तीन आहेत की."
"मला पाच लागतात."
"मलाही पाच लागतात, मी दोनावर भागवतेय. काय माणूस आहे! टोपलीत बघा, आधीच केवढे भरलेत. काळाबाजार करता का?"
"नाही हो."
"मग तुमचं बाळ हत्तीएवढं आहे का?"

दुकानदार हसला. तिचं बाळ माझ्याकडे पाहत होतं, हनुवटीवर भोपळा वाळलेला. मी म्हणालो, "ते घेऊ नका. त्यात चूक झाली आहे."
"कसली चूक?"
"डब्याच्या आतला लेप कच्चा आहे. पेजेत उतरतो."
"तुम्हाला काय माहीत?"
"डबा मी केलाय."

इतके दिवस जे मालकीणबाईंसमोर तोंडातून निघालं नाही ते एका अनोळखी बाईसमोर निघालं, आणि तेही भांडणात. तिनं डबे फळीवर ठेवले, फोन काढला, डब्याच्या तळाचा फोटो घेतला. मग माझा घेतला. मी तोंड फिरवलं नाही. "महिनाभर हेच भरवतेय मी," म्हणाली. महिना झालेला नाही, माल नऊ तारखेचा आहे. पण मी तिला दुरुस्त केलं नाही.

ऑगस्ट २६, सोमवार

मालकीणबाई आज साडेअकराला आल्या. आल्याबरोबर त्यांना सगळं सांगितलं. पुडी, जाळी, मीटर, भोपळा, शिक्के, पलंगाखालचे डबे, कालची बाई.

त्यांचा पहिला प्रश्न: "पुडी कधी काढलीस?"
"बुधवारी. काढली नाही, वर ठेवली."
"मला विचारल्याशिवाय?"
"हो."

त्या भट्टीपाशी गेल्या. पेटीवरची पुडी घेतली, स्टुलावर बसल्या, पुडी फोडली आणि एक दाणा तोंडात टाकला. मग दुसरा. "शिळा झालाय," म्हणाल्या. "उबेनं मऊ पडलाय सगळा." मग पुडी माझ्याकडे केली. मीही खाल्ला. खरंच मऊ होता.

"माझी मोठी पुडी," म्हणाल्या. "आणि तो घाईचा मुहूर्त. आणि मायेनं घास, तेही मीच."
"फीत मी लावली."
"गप बस. वाटणी नको करू."

तुआन दारात उभा होता. त्याला म्हणाल्या, "भट्टी बंद कर." मग फोन हातात घेतला आणि घड्याळ पाहिलं. "बारा वाजतायत. जेवू दे त्यांना. जेवणाऱ्याला वाईट बातमी देऊ नये." एक वाजता त्यांनी स्वतः पेजेच्या कारखान्याला फोन लावला. माझं नाव त्यात एकदाही घेतलं नाही. मी बाहेर पत्र्याच्या थप्पीमागे उभा राहून ऐकत होतो.

ऑगस्ट २८, बुधवार

त्साय इंजिनियर आले. पेटी उघडली, आत हात घातला. ओरडायला आले असावेत, ओरडले नाहीत. म्हणाले, "जाळी बुजली की पेटीला ताप येतो. मग ती स्वतःचाच ताप भट्टीचा म्हणून सांगते. फोनवर आकडा विचारला मी. आकड्याला काय, तो दोनशे पाचच सांगणार. मी यायला हवं होतं." जाताना खिशातून एक छोटी हिरवी पुडी काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांवरही असते म्हणे.

पेजेच्या कारखान्यानं माल परत बोलावला. बातमी आली. ताईचा फोन आला नाही, म्हणून मीच गेलो.

ती गाडीचा तवा खरवडत होती. मान वर केली नाही.
"गेल्या बुधवारी माझ्याकडचे डबे नेलेस. तेव्हा तुला माहीत होतं."
"हो."
"मुदत म्हणालास."
"हो."
"माझ्या पोरीच्या तोंडचे काढून नेलेस, ते ठीक. आणि बाकीच्या पोरांच्या? बुधवारपासून सोमवारपर्यंत सगळ्या आया भरवतच होत्या ना?"
"मी दुकानातून विकत घेत होतो, ताई."
"पलंगाखाली ठेवत होतास," ती म्हणाली. "तुला लहानपणापासून तीच खोड. फुटलेला पेला पलंगाखाली."

दोउदोउ माझ्याकडे यायला हात पुढे करत होती. ताईनं तिला उचलून आत नेलं.

ऑगस्ट ३१, शनिवार

तपासणीचा निकाल. डब्यावर लिहिलेलं खरं निघालं. बीपीए कुठल्याच डब्यात सापडलं नाही. दुसरं काही तरी सापडलं, त्याचं नाव दोन ओळींचं आहे आणि ते एकाही आईला पाठ नाही. मी कोशात शोधून ते नीट लिहून घेतलं. काही डब्यांत मर्यादेच्या खाली, काहींत वर. बाळांना काय होईल? आरोग्य खात्याची बाई म्हणाली, इतक्या थोड्या दिवसांत काही होईल असं म्हणता येत नाही. होणार नाही असंही म्हणता येत नाही.

हे वाक्य मी दिवसभर वळवून वळवून पाहिलं. बसायला जागा सापडत नाही त्यात.

सप्टेंबर ३, मंगळवार

सातवा महिना काल संपला. पेजेच्या कारखान्यानं बाळांच्या डब्यांची ऑर्डर काढून घेतली. वाटाण्याच्या डब्यांची थोडी ठेवली आहे, बघू म्हणाले. भट्टी आठवड्यातून तीन दिवस चालेल, पगार त्या हिशोबानं. तुआनला मालकीणबाईंनी कामावरून कमी केलं नाही. तो म्हणाला, "मी बंद पडणार होतो, आता राहू दे."

पत्रे घासायचं काम माझ्याकडेच आहे. मी मागितलं नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, "जड हातानंच घास." आज दीडशेपर्यंत घासलं. स्वच्छ.

ऑगस्टचा हिशोब.

खर्च: पेजेचे डबे त्र्याण्णव, प्रत्येकी ६५, एकूण ६,०४५ युआन. स्कूटरचं पेट्रोल ३४०. तांदूळ आणि भोपळा ९५. हिरवी मोठी पुडी ५५. त्साय साहेबांनी दिलेली छोटी फुकट. ती पेटीच्या वर ठेवली आहे, जाळी मोकळी आहे, सकाळ-संध्याकाळ पाहतो.

येणं: पेजेचा कारखाना डब्यांचे पैसे परत देतो, पावती दाखवणाऱ्यास. पावत्या नाहीत.

देणं: मालकीणबाईंकडून पगारावर उचल ८,०००. दोउदोउच्या रक्त-लघवीच्या तपासणीचे १,२००, ताईनं भरले. काल पैशांचं पाकीट तिच्या दाराखालून सरकवलं. आज सकाळी ते माझ्या टपालपेटीत होतं, न उघडलेलं. देणं म्हणून लिहून ठेवतो.